सोनपेठच्या पुलाची मुदत

"ताई, माझी फाईल गायब झालीया. पाचच्या आत सही झाली न्हाई तर माझा पूल गेला!"

सुकेशनी दारातूनच बोलली, आणि बोलली ती धम्मशीलाशी. नागेशच्या पोटात दुखलं. खासगी तपासाचं ऑफिस काढलं दोघांनी, पण सारी परभणी ओळखायची तिला एकटीला.

सोनपेठजवळच्या पुलासाठी सुकेशनीचा दर सर्वांत कमी होता. आठ वर्षं दुसऱ्यांच्या कामांवर राबल्यावर हे तिचं पहिलं स्वतःचं कंत्राट. निविदेतला दर एकशेवीस दिवस टिकतो. तेवढ्यात कार्यारंभ आदेश निघाला नाही की निविदा रद्द.

"समदे निविदा उघडल्यापासून दिवस मोजायलेत, म्हणून शुक्रवार धरलाय," ती म्हणाली. "पण मोजायचे असतात भरायच्या शेवटच्या तारखेपासून. म्हंजी आजच! बांधकाम कार्यालयाच्या साहेबानं सकाळी फाईलवर तसं लिहिलं अन् मला फोन केला. दुपारी फाईलच न्हाई. मुदतवाढ बी मिळणार न्हाई."

"साहेबांनी आणखी कुणाला सांगितलं?" धम्मशीलानं विचारलं.

"कुणालाच न्हाई."

"मग तिथं तारखेबद्दल अवाक्षर काढू नका."

तीन वाजता तिघं बांधकाम कार्यालयात पोचले. दुसऱ्या क्रमांकाचा कंत्राटदार शिवरुद्र तिथंच चहा पीत बसला होता.

"कालपर्यंत माझ्या हाताखाली होती, आज मलाच मागं टाकायलीय," तो उघडच जळफळला. "शुक्रवारपर्यंत फाईल घावली न्हाई तर फेरनिविदा निघंल. मग बघतो."

नागेशच्या मते चोर सापडला होता.

कारकून वैभव मात्र अदबीनं बोलला. "सुकेशनी माझ्याच वर्गातली. डिप्लोमा दोघांनी संगंच केला. लय हुशार. मी सकाळपासून त्या फाईलीला हात लावला न्हाई. आन् आता धुंडून फायदा काय? पाचच्या आत कुठली घावायलीय?"

रेकॉर्डच्या खोलीत रद्द निविदांचे लाल कापडी बस्ते धुळीनं पांढरे पडले होते.

"त्या एकाचीच गाठ स्वच्छ हाय बघ," नागेश सहज बोलला.

धम्मशीलानं गाठ सोडली. फाईल आत होती.

"कमाल केलीस बाई," नागेश गोड आवाजात म्हणाला. गाठ त्याला दिसली होती, पण सोडली तिनं. आतून तो जळून खाक झाला होता.

साहेबांसमोर तिनं उलगडा केला. "शिवरुद्र अजून शुक्रवारच धरून बसलेत. म्हणजे त्यांनी फाईल उघडलेली नाही. आजचे पाच फक्त फाईलीत लिहिले होते. वैभव, फाईलीला हात न लावता ते तुम्हाला कळले कसे?"

वैभवनं मान खाली घातली. "वर्गात पयला नंबर माझा यायचा. आता तिच्या पुलाची बिलं म्या टायपायची?"

साडेचारला सही झाली. आदेशाचा कागद हातात घेऊन सुकेशनी ढसाढसा रडली.

परतताना नागेशला राहवलं नाही. "गाठ, तारीख, समदं पटलं. पण जळणारा तो शिवरुद्र होता. वैभव तर तिचं कौतुक करायला होता. तुला त्याचा संशय आलाच कसा?"

धम्मशीलानं चालता चालता त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तू माझं कौतुक करतोस ना नागेश, तवा तुझा आवाज अगदी तसाच येतो."