नऊ नंबरचा फणस

"सातशे सत्तावन्न, सातशे अठ्ठावन्न... आमोद, गप्प बस ना! विसरले बघ!" श्रिया किंचाळली.

"मी कुठे काय बोललो? फक्त म्हटलं, भूक लागली."

"तेच ते! अर्ध्या तासात चौथ्यांदा!"

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. महाडची ही तीन पोरं आपापल्या सायकली एस.टी.च्या टपावर टाकून पोलादपूरला रुचिरच्या अंबिकाआत्याकडे येऊन राहिली होती. कारणही तसंच होतं. शाळेच्या शरद सरांनी जाहीर केलं होतं, "सायकल सहलीचा मार्ग तुम्हीच आखा. अंतरं, चढ, पाणी, सगळं नकाशात दाखवा. पसंत पडला, तर दिवाळीनंतर सगळ्या वर्गाला नेतो!"

मग काय विचारता! रुचिर आपोआप कप्तान झाला. पोलादपूरहून कुडपणच्या बाजूने डांबरी रस्त्याने चढायचं, वर डोंगरातल्या एका वाडीकडे जाणारी पायवाट धरायची आणि पलीकडच्या उताराने परत पोलादपूर गाठायचं, असा त्याने बेत केला. मोजमापाची युक्तीही त्याचीच. पुढच्या चाकाच्या एका तारेला लाल दोरा बांधायचा. दोरा वर आला की एक फेरा. शंभर फेऱ्यांचे झाले दोनशे सात मीटर. पायवाट सुरू झाल्यापासून दर शंभर फेऱ्यांना शाळेच्या मैदानावरची उरलेली फक्की पाण्यात कालवून दगडावर नाही तर झाडावर एक पांढरा बाण आणि आकडा काढायचा. सोमवारी त्यांनी खुणा केल्या होत्या. आज शुक्रवारी आकडे पडताळून पाहायचे होते.

पण आज ही पायवाट ओळखूच येईना!

"अरे, इथे करवंदीची जाळी होती. मला ओरबाडलं होतं तिने," आमोद म्हणाला. "कोणी तोडली?"

जाळी मुळापासून तोडलेली होती. पुढे दगडी कुंपणाचे, गडग्याचे दगड काढून बाजूला रचलेले. त्याच्या पुढे कोकमाची दोन झाडं, रातांबे, आडवी पडलेली, पानं अजून हिरवीगार!

"लाकूडचोर!" आमोदचे डोळे चमकले.

"चोर गडग्याचे दगड कशाला नीट रचून ठेवतील, शहाण्या?" श्रिया सायकल टेकवून खाली वाकली. "आणि हे बघ. फक्त आपल्या बाणांच्या रेषेतच तोडलंय. बाण वळला की हेही वळलेत. कोणीतरी आपल्या खुणांवरून चाललंय!"

"आपल्यासाठी रस्ता साफ करतंय? वा रे वा! गुप्त चाहता!"

रुचिर मात्र सायकलच्या घंटीशीच चाळा करत राहिला. कारण जे या दोघांना ठाऊक नव्हतं, ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

सोमवारी आमोदच्या सायकलची चेन पडली, म्हणून हे दोघे मागे राहिले होते. रुचिर एकटाच पुढे गेला. डोक्यावर बाबांची टोपी, हातात वही, कानावर पेन्सिल. फणसाखाली बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "काय रे बाळा, मापं घेतोस? सरकारी हाय काय? आमचा रस्ता येतोय?"

आता "नाही आजी, आमची शाळेची सहल आहे" म्हणायला किती वेळ लागतो? पण स्वारी तेव्हा ढगात होती! त्याने वहीत उगाच एक रेघ मारली आणि ऐटीत सांगून टाकलं, "हो आजी! बाबांनी पाठवलंय. या पावसाळ्याआधीच काम सुरू!"

बस्स, एवढंच. म्हातारीचा चेहरा केवढा उजळला होता! आणि रुचिर शीळ घालत पुढे गेला होता.

"खर्रर्! खर्रर्!" वरून दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला.

"चला!" श्रिया धावली. आमोद तिच्यामागे. रुचिर मात्र सायकल ढकलत सावकाश मागून आला.

वर सहा-सात माणसं जमली होती. मधोमध तोच मोठा फणस, बुंध्यापासून फणसांनी लगडलेला, आणि त्याच्यावर रुचिरच्याच हातचा पांढरा आकडा, ९. फांदीला दोर बांधून झाला होता. एक धिप्पाड गृहस्थ दगडावर कुऱ्हाडीला धार लावत होते. आणि ती सोमवारची म्हातारी, रंगूआजी? ती झाडाला हळद-कुंकू लावत होती. नारळ पुढे ठेवून हात जोडून पुटपुटत होती, "रागावू नको रे बाबा. रस्त्याच्या आड आलास म्हनून. आजारी मानसाला डोलीत घालून न्यावं लागतं, तुला दिसतंय ना?"

"हे झाड का तोडताय?" श्रियाने धापा टाकत विचारलं.

"रस्ता येतोय, पोरी!" कुऱ्हाडवाले भागोजी म्हणाले. "साहेबाचा मुलगा खुना करून गेला. आपन आधी जागा मोकळी केली, तर काम लवकर लागंल."

आमोदने श्रियाकडे पाहिलं. श्रियाने मागे वळून रुचिरकडे पाहिलं. तो आमोदच्या पाठीआड दडायला बघत होता. पण आजीची नजर तेवढ्यात पडलीच.

"हाच तो!" ती हरखून गेली. "भागोजी, हाच तो गुनाचा पोर! ये रे बाळा, बस. घामाघूम झालायस. सारिका, तांब्या आन गो!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रुचिरला वाटलं. सगळी माणसं त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. एकाने तर खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्यासाठी दगड झटकला. अजूनही पळून जाता आलं असतं. सायकलवर टांग टाकली की उतारच उतार! भागोजींनी कुऱ्हाड उचलली.

"थांबा!" रुचिरचा आवाज चिरकला. "तोडू नका! रस्ता येत नाहीये. मी... मी खोटं बोललो!"

भागोजींनी कुऱ्हाड खाली टेकवली.

"या आमच्या सहलीच्या खुणा आहेत. बाबांचा रस्त्याशी काही संबंध नाही, त्यांचं महाडला औषधांचं दुकान आहे. मला कोणी पाठवलं नव्हतं. मी नुसती ऐट केली." बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

भागोजींचा चेहरा लालबुंद झाला. "दोन रातांबे तोडले रे आमी! तीन दिस गडगा काढतोय! तुला काय खेळ वाटला?"

श्रिया हळूच म्हणाली, "आम्हालाही नाही सांगितलंस, रुचिर?" ते त्याला भागोजींच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

आजी मात्र ओरडली नाही. तिने हातातली कुंकवाची पुडी नीट बांधली आणि विचारलं, "म्हंजे कोनीच येनार नाय?"

"नाही, आजी."

"बरं." एवढंच म्हणून ती झाडाच्या बुंध्याशी बसून राहिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं रुचिरला वाटलं.

त्या दिवशी आणि शनिवारीही तिघांनी गडगा पुन्हा रचला. आमोद पहिल्यांदाच भुकेबद्दल बोलला नाही. रुचिरच्या बोटांची सालटी निघाली, पण त्याने हूं की चूं केलं नाही. रातांबे काही पुन्हा उभे करता येत नव्हते. ते बघितले की तो मान खाली घालायचा.

दगड रचता रचता श्रियाच म्हणाली, "खोटं तू बोललास, पण माप तर खरं आहे ना? डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंत बाराशे फेरे, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. चढ, ओढा, सगळं नकाशात आहे. रस्त्यासाठी अर्ज करू या!"

मुलांचा निरोप मिळाला, म्हणून रविवारी शरद सर महाडहून वाडीत आले. त्यांनी मुलांनी लिहिलेला अर्ज वाचला, नकाशा पाहिला आणि वाडीतल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "इतकं चोख माप मीसुद्धा केलं नसतं. आणि चूक कबूल करायला छाती लागते. शाबास, रुचिर!"

"पोरगा खरा हाय," भागोजींनीही पुस्ती जोडली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

रुचिरला ती शाबासकी घेववेना. "सर, खरा नाही हो मी," तो पुटपुटला. "झाड वाचलं, पण रातांबे माझ्यामुळेच गेले."

सरांनी अर्ज पुढे ठेवला. पहिला अंगठा रंगूआजीचा. शाईत अंगठा बुडवून ती थांबली आणि तिने रुचिरकडे पाहिलं.

"ह्या कागदात तरी सगळं खरं हाय ना रे?"

"हो आजी. रस्ता येईलच असं मात्र यात लिहिलेलं नाही."

"हां," आजी म्हणाली. "मग देते."