परतीचं हळदीकुंकू

साकेत, यार, आवाज जरा कमी ठेव. कल्पना आत चहा टाकतेय. आम्ही सुट्टीत डोंगराकडे का फिरकत नाही, असं तू ऑफिसात विचारलंस, म्हणून सांगतो. नाहीतर हा विषय या घरात निघत नाही.

जानेवारीतली गोष्ट. दिल्लीच्या धुरानं जीव नकोसा झाला होता. गाझियाबादला कल्पनाच्या मैत्रिणीकडे, मयुराकडे, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ते उरकलं आणि आम्ही दोघं तसेच कुमाऊँकडे निघालो. तिथं एका तळ्याकाठचं लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. आजूबाजूला नुसते देवदार, मोबाइलला रेंज नाही. जागा पाहून कल्पना हरखूनच गेली. चौकीदारानं किल्ली दिली, लाकडं रचून दिली आणि जाता जाता म्हणाला, "साहब, अँधेरा होने लगे तो दरवाज़ा मत खोलना. तेंदुआ आता है." बिबट्या म्हटल्यावर मला उलट मजाच वाटली. दीडशहाणा ना मी!

दिवेलागणीला तळ्यावरून धुकं चढलं. पाखरं एकदम गप्प झाली. शेगडीतली लाकडं तेवढी तडतडत होती. आणि दारावर टकटक झाली... अगदी हलकी.

"दीदी, थोड़ी आग मिलेगी?"

बाईचा आवाज. मी नको म्हणेपर्यंत कल्पनानं कडी काढली होती. उंबऱ्याबाहेर एक तरुण बाई उभी. डोक्यावरून घेतलेल्या शालीतून पाणी ठिबकत होतं. कुजलेल्या शेवाळाचा वास आला. कल्पना तिला आत बोलावत होती आणि ती नुसती मान हलवून नाही म्हणत होती.

"अरे, संक्रांतीच्या दिवसांत सवाष्ण दारात आलीय, तशीच कशी पाठवू?" म्हणत बायकोनं पिशवीतून करंडा काढला. हिनं एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवही अडवू शकत नाही. तिनं बाईला हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. मग रीतीप्रमाणे करंडा पुढं धरून स्वतःचं कपाळ वाकवलं. "अब आप मुझे लगाइए."

बाई पहिल्यांदाच हसली. तिनं सावकाश बोट टेकवलं. "अब मेरे घर आना, दीदी," म्हणाली, आणि आग न घेताच वळली.

"बाई गं, किती गार बोट!" कल्पना कपाळाला हात लावत म्हणाली.

मी खिडकीतून पाहत होतो. ती गावाच्या वाटेला लागली नाही. सरळ पाण्यात शिरली. गुडघे, कंबर, खांदे... तळं हललंसुद्धा नाही. मी घाबरलो, साफ घाबरलो.

थोड्या वेळानं कल्पना उठून शाल पांघरू लागली.

"कुठं निघालीस?"

"तिच्याकडे. बोलावलंय ना तिनं... हळदीकुंकू घेतलं की परतीला तिच्या घरी जायला नको का?"

आवाज तिचाच होता, पण डोळे माझ्याकडे बघत नव्हते. मी कडी घातली, खाट ओढून दाराला लावली आणि तिचं मनगट घट्ट धरून बसलो. तोंडानं रामरक्षा चालू होती, तीही निम्मी चुकत. ती हिसके देत होती, रडत होती. "श्री, सोड ना... वाट बघतेय ती..."

पहाटे माझा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा खाट जागेवर होती, कडी आतून लागलेली होती आणि मनगट माझ्या हातात होतं. कल्पना शांत बसून माझ्याकडे बघत होती. माझा जीव भांड्यात पडला. उजाडताच आम्ही निघालो.

हल्द्वानीला चहासाठी गाडी थांबवली, तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. मायलेकी मजेत बोलत होत्या. घर कसं होतं, थंडी किती होती, सगळं कल्पनानं सांगितलं. मग "आईला तुझ्याशी बोलायचंय," म्हणून हसत फोन माझ्या हातात दिला.

"श्रीपादराव," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "ही कोण बोलत होती हो? माझ्या कल्पनाला फोन द्या ना..."