अठ्ठाविसावा दिवस

डोरीटा ज्या उपड्या होडीवर बसून संत्रं सोलत होती, ती होडी शिंकली.

तिने वाकून पाहिलं. होडी आणि वाळूच्या फटीत दोन अनवाणी पावलं दिसत होती.

"दवाखान्याची गाडी गेली का?" आतून दबका आवाज आला.

"गेली," डोरीटा म्हणाली. गाडी तिच्या मागेच झाडाखाली उभी होती.

केसांत वाळू घेऊन एक उंच तरुण सरपटत बाहेर आला. त्याने आधी तिच्या दवाखान्याच्या निळ्या सदऱ्याकडे पाहिलं, मग झाडाखालच्या गाडीकडे.

"खोटं बोललीस."

"आणि तू एल्रॉय. सकाळपासून तीन घरं पालथी घातली तुझ्यासाठी. शेवटी कंटाळून इथे बसले, तर होडीलाच सर्दी झालेली."

तो हसला. हसताना त्याने मान जरा खाली घातली… आणि डोरीटाच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली.

एल्रॉय महिन्याभरापूर्वीच समोरच्या बेटावरून आईच्या माणसांत राहायला आला होता. समुद्रात वाहून आलेली जाळी ओढून काढायचं काम त्याला किनारा राखणाऱ्या रेंजर्सकडे मिळालं होतं. लहानपणी घसा सुजून आलेला ताप त्याच्या हृदयाला लागला होता, म्हणून दर अठ्ठावीस दिवसांनी कमरेत एक जाड, सावकाश टोचायचं इंजेक्शन. शंभर किलो वजनाचं जाळं ओढणारा हा माणूस सुईला मात्र टरकायचा.

पुढचे चार महिने तो आपणहून आला. ती आधी त्याचं मनगट धरून ठोके मोजायची, वहीत आकडा लिहायची, मग सुई देताना त्याला बोलतं ठेवायची.

"आज काय सापडलं जाळ्यात?"

"कासव. तुझ्यासारखंच… माझ्याकडे रागाने बघत होतं."

"सोडलंस ना त्याला?"

"त्याला सोडलं," तो म्हणाला, आणि सुई देऊन झाली तरी बाकावर बराच वेळ रेंगाळत राहिला.

मग डार्विन शहरातलं नर्सचं शिक्षण संपवून रेलीन परतली आणि त्याच दवाखान्यात लागली. रेलीन म्हणजे डोरीटाच्या मावशीची मुलगी. पण त्या किनाऱ्यावर मावस म्हणून वेगळं नातं नसतं. मावशी आईच, आणि तिची मुलगी सख्खी बहीण. शिवाय नात्याने जो डोरीटाला नवरा म्हणून चालायचा, तो रेलीनलाही चालायचा. रेलीनची नखं लाल होती, आणि ती हसली की विमानतळाच्या धावपट्टीपर्यंत ऐकू जायची.

पाचव्या महिन्यात एल्रॉय नेमका रेलीनच्या कामाच्या वारी येऊन गेला.

"गोड आहे गं तुझा पेशंट," रेलीन म्हणाली. "हूं की चूं केलं नाही."

सहाव्या महिन्यातही तेच. त्यानंतर दोन दिवसांनी तर रेलीन बादलीभर कुर्ल्या घेऊन घरीच आली. "एल्रॉयने दिल्या," म्हणाली, आणि गालातल्या गालात हसली. आईने निखाऱ्यावर भाजून सगळ्यात मोठी नांगी डोरीटापुढे ठेवली. डोरीटाने ती ढकलली.

"का गं? त्या माणसाने चांगल्या भरलेल्या बघून धाडल्यात."

"मला भूक नाही."

त्या ओल्या, चिकट उकाड्याच्या दिवसांत पाऊस काही येत नव्हता आणि सगळ्यांचीच डोकी तापलेली होती. त्यामुळे डोरीटा बँडेजच्या पेट्या का आपटते, हे कुणी विचारलं नाही. एल्रॉय रस्त्यात दिसला की ती दुसरीकडे बघायची. तो हात वर करायचा… आणि तसाच खाली घ्यायचा.

सातव्या महिन्यात रेलीन पंधरा दिवसांसाठी डार्विनला गेली. अठ्ठाविसावा दिवस उलटला. यादीत एल्रॉयचं नाव लाल झालं. जिची एवढी ओढ आहे तिनेच येऊन शोधावं, असं म्हणून डोरीटाने पान उलटलं. दुसऱ्या दिवशीही उलटलं. नवव्या दिवशी मर्लीन तपासणीला आली. डोरीटाची शाळेतली मैत्रीण. तिच्या छातीवर गळ्यापासून खालपर्यंत हृदयाच्या शस्त्रक्रियेचा उभा व्रण होता. एल्रॉयसारख्याच सुया तिने चुकवल्या, त्याची ती खूण. सदऱ्याची बटणं लावता लावता मर्लीन काहीतरी गमतीचं सांगत होती. डोरीटाला एक शब्द ऐकू आला नाही.

थंड पेटी उचलून ती गाडीत बसली.

एल्रॉय किनाऱ्यावर एकटाच होता. गुडघाभर वाळूत रुतलेलं जाळं सुरीने कापत होता.

"नऊ दिवस झाले," ती म्हणाली. "रेलीन नाही म्हणून आला नाहीस?"

"हो."

एवढ्या सरळ उत्तराची तिला तयारी नव्हती. ती पेटी उचलून वळली.

"थांब. पुरतं ऐक तरी. तू मनगट धरलंस की किती ठोके लिहायचीस?"

"एकशे अठरा. एकशे वीस… म्हणून तर मी डॉक्टरांना कळवलं."

"आणि ते म्हणाले, पुन्हा एवढे आले तर विमानात बसवून डार्विनला तपासणीला. रेलीनच्या पानावर काय आहे ते पाहिलंस?"

तिने ते पान मुद्दाम कधी उघडलं नव्हतं.

"बहात्तर," एल्रॉय म्हणाला. "दोन्ही वेळा बहात्तर. तुझ्या हातात एवढे का पडतात, असं ती विचारते, आणि मी खरं सांगतो. म्हणून हसते ती."

डोरीटा पेटीवर बसली. "मग कुर्ल्या?"

"त्या तिच्यासाठी नव्हत्या. मी काय स्वतः नेऊन देणार होतो तुझ्या आईपुढे?"

नव्हताच देऊ शकणार. त्यांच्यात होऊ घातलेला जावई सासूसमोर जात नाही. सासू त्याचं नाव घेत नाही. आणि आजवर 'एल्रॉय, एल्रॉय' करणारी आई त्या दिवशी 'तो माणूस' म्हणाली होती. आख्ख्या घराला कळलेलं एकट्या डोरीटाला कळलं नव्हतं. रागात कान बंद झाले होते.

"मी मुद्दाम आले नाही," ती हळूच म्हणाली. "नऊ दिवस. यादीत तुझं नाव दिसत होतं. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर…"

त्याने सुरीवरची वाळू पुसली.

"हे वाईट केलंस."

"हो."

"एवढी चिडली होतीस?"

"त्याहून जास्त."

मग तो जाळ्यावरून उतरून आला आणि तिच्याशेजारी बसला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. समुद्रावर लांब वीज चमकली. आवाज आलाच नाही.

"टोच," तो म्हणाला. "पण तुझ्या हातची ही शेवटची. बायकोकडून कमरेत सुई घेतली तर रेंजर्स मला जगू देणार नाहीत."

"बायको कुणी म्हटलं?"

"तुझ्या आईने. कुर्ल्या खाल्ल्या तिने."

डोरीटाने हसू लपवायला पेटीत डोकं घातलं. सुई भरली, आणि नेहमीपेक्षाही सावकाश दिली. तो हूं की चूं न करता समुद्राकडे बघत राहिला.

"पुढच्या महिन्यापासून रेलीनच देईल," पेटी बंद करत ती म्हणाली.

"चालेल ना तुला?"

"चालेल की." तिने पेटी खांद्याला लावली. "मी दारात उभी राहीन."