धुळ्याचं मशीन

वैशाखातल्या एका दुपारी पितांबर एसटीने जळगावहून धुळ्याला निघाला. काम साधं होतं. तिथलं एक मशीन बंद करून यायचं होतं. खिडकीची जागा मिळाली, एरंडोल येईतो त्याला डुलकीही लागली. फक्त मशीन ज्याचं, तो अभिमन महिन्यापूर्वी मेला होता.

दोघंही रूपचंदशेठच्या कंपनीत. डाळमिलवाल्यांसाठी प्रोग्रॅम बनवायचे. दिवसभराचे फेरफार जळगावच्या मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, जमा व्हायचे आणि ते जोडून दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्रॅम नव्याने तयार करायचा. एकट्या सर्व्हरला ते झेपेना. तेव्हा अभिमनने युक्ती काढली. बाकीची मशीनं सर्व्हरला जोडायची, धुळ्याच्या शाखेतलं त्याचं स्वतःचं टेलिफोनवरून. सर्व्हर मुकादमासारखा बसणार आणि जो रिकामा दिसेल त्याच्या पुढ्यात काम टाकणार. प्रत्येक मशीनला ते चालवणाऱ्याचं नाव आणि परवलीचा शब्द दिलेला. तेवढं जुळलं की पडद्यावर नावापुढे ‘हजर’ उमटायचं.

सर्व्हर उभा केला पितांबरने, केबली ओढल्या पितांबरने, आणि नाव झालं अभिमनचं. खोटं कशाला बोला, पितांबरच्या पोटात दुखायचं. धुळ्याच्या मशीनने आधी काम उरकलं की त्याला जेवण गोड लागायचं नाही. शेठ आता विभागाचा प्रमुख नेमणार होते, आणि ती खुर्ची आपल्याला मिळावी एवढी एकच इच्छा पितांबरला होती. अभिमनचं नाव जवळजवळ ठरलं, आणि त्याच आठवड्यात पारोळ्याजवळ ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवलं.

पितांबर रडला, अगदी मनापासून रडला. पण तेराव्यानंतर कामावर आला, तर पडद्यावर अभिमन हजर. सगळ्यांच्या आधी काम उरकून मोकळा. असं रोजच होऊ लागलं.

“गेला तरी त्याने बसवलेली घडी मोडली नाही बघ,” शेठ म्हणाले. “तिकडे कुणी मशीन चालू ठेवलंय वाटतं. शाखा बंद झाली, ते पण बंद करून ये.”

मेला तरी हा आपल्या पुढेच. पितांबरला भीती नंतर वाटली, आधी हेवाच वाटला.

धुळ्यात राखणदार भिकनआबांनी कुलूप काढलं.

“आठे आते कोणी येत नही, भाऊ. लाईट बी कापेल शे.”

“मग मशीन, आबा?”

“बंदच शे ना… पन दुपारले बटनस्ना आवाज येस.”

पत्र्याखालची ती खोली भट्टीसारखी तापली होती. धूळ आणि तापलेल्या रबराचा वास कोंडला होता. वीज खरंच कापलेली, मशीनची वायर गुंडाळून ठेवलेली. टेलिफोनची तार भिंतीपाशीच तोडलेली. टेबलावर धूळ होती, मशीनवर होती, बटणांवर मात्र कणभरही नव्हती. पितांबरने खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. एवढ्या काहिलीत ती गार होती… ओलसर गार. तो दाराकडे वळला आणि मागे एक बटण हलकेच दाबलं गेलं. त्याने वळून पाहिलं नाही.

जळगावला येऊन त्याने कुणाला काही सांगितलं नाही. रात्रभर एकच विचार डोक्यात होता. सर्व्हरला माणूस दिसत नाही, मशीनही दिसत नाही. त्याला नाव आणि परवलीचा शब्द जुळला की पुरे, आणि एक नाव दोन ठिकाणी हजर राहू शकत नाही. सगळ्यांचे परवलीचे शब्द तर पितांबरच्याच ताब्यात होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने आपल्या मशीनवरून स्वतःचं नाव काढलं आणि अभिमनचं घातलं.

पडद्यावर उमटलं, अभिमन हजर. कामं भराभर त्याच्या पुढ्यात येऊन पडू लागली. महिन्यात पहिल्यांदाच पितांबर खुशीत होता. आता बस म्हणावं बाहेर.

मग त्याखाली आणखी एक ओळ आली. पितांबर हजर.

त्या नावाचं मशीनच आता उरलं नव्हतं. तरी ते काम उचलत होतं, आणि बघता बघता अभिमनच्या पुढे गेलं.

इतक्यात शेठ आले. पडद्याकडे पाहत म्हणाले, “शाबास. पितांबरने आज कमाल केली. ठरलं, प्रमुख तोच.”

पितांबर खुर्चीतून उठला. “शेठ… मी इथे आहे.”

“दिसतंय की. धुळ्याला फोन लाव, त्याला कळवू दे मला. लाव ना, अभिमन.”

शेठ त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होते. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सकीनाबाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पितांबरने नंबर फिरवला. तोडलेल्या तारेवर घंटी वाजली… दोनदा… आणि कुणीतरी उचललं.

“पितांबर बोलतोय.”

आवाज त्याचाच होता. मागे बटणं वाजत होती. शेठनी त्याच्या हातून रिसीव्हर घेतला, बातमी सांगितली, आणि तिकडून हसणं ऐकू आलं, पोटभर जेवलेल्या माणसासारखं निवांत. तसं पितांबर जन्मात कधी हसला नव्हता. हातपाय गार पडले होते, तरी त्याला त्या हसण्याचा हेवा वाटला.