पूर्ण रेंज

सांगलीच्या क्रीडासंकुलात अंतिम सामन्याला पाय ठेवायला जागा उरली नव्हती, आणि कुमुदिनी तावरे यांना नेमके हेच हवे होते.

त्या काळी कबड्डी मॅटवर खेळली जाई, तितकीच प्रशिक्षकाच्या मांडीवरच्या बिनतारी पाटीवर. मॅटखालचे संवेदक बचावपटूंच्या पावलांचा दाब मोजत; कोण झेप घेण्याच्या बेतात आहे, हे पाटी निमिषभर आधी ओळखे; प्रशिक्षकाने बोट टेकले की हुकूम चढाईपटूच्या कानातल्या मण्यात ऐकू येई. उणीव एकच होती. स्टेडियम भरले की पाटी दगा देई, कारण माणसाचे शरीर बहुतांशी पाणी, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते.

तीन वर्षांपूर्वी कृष्णाकाठ संघाचा सुहास खिलारे शेवटच्या चढाईत पकडला गेला आणि संघ हरला. प्रशिक्षक उदयसिंह घोरपडे यांनी माइकवर जाहीर केले, "पाटी बंद पडली. माझा शब्द पोरापर्यंत पोचलाच नाही." पाटी तावरेबाईंच्या देखरेखीखाली होती. त्यांची नोकरी गेली. मंडईत भाजीवालासुद्धा विचारी, "काय बाई, आज रेंज आहे का?" बाईंनी दात आवळले, आणि घरी बसून 'जनवाहिनी' तयार केली; आज ती पहिल्यांदाच भर सामन्यात चालणार होती, बाईंच्याच हाताखाली.

"म्हणजे नक्की काय केलंत?" सामन्याआधी घोरपडे त्यांच्या काचेच्या खोलीत डोकावले.

"प्रत्येक प्रेक्षकाच्या मनगटावर तिकिटाचा पट्टा आहे ना? तो तुमचा हुकूम क्षीण विजेच्या रूपात त्याच्या कातडीवरून शेजाऱ्याच्या पट्ट्याकडे सरकवतो. जे शरीर लहरी गिळायचं, तेच आता तारेचं काम करतं. गर्दी जितकी दाट, तितकी रेंज पक्की."

"माझा शब्द एवढ्या लोकांच्या अंगावरून जाणार? गुदगुल्या होतील की हो त्यांना!"

"कळतसुद्धा नाही."

"आणि बंद करायची झाली तर?"

"बटणच ठेवलेलं नाही. लोक घरी गेले की बंद."

घोरपड्यांचे हसू मावळले. "थोडी फट ठेवायची होती, बाई."

बाई नुसत्या हसल्या. प्रत्येक हुकूम वाहिनीत जपला जातो, हे त्यांनी सांगितले नाही.

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. खिलारे नुसता परतला असता तरी जादा वेळ मिळाला असता. पाटीने धोका दाखवला, घोरपड्यांनी बोट टेकले. तरीही खिलारे कोपऱ्यात घुसला आणि चौघांच्या खाली गाडला गेला.

घोरपड्यांनी माइक उचलला. "पाटी बंद पडली. माझा शब्द पोरापर्यंत..."

याच वाक्याची बाई तीन वर्षे वाट पाहत होत्या. त्यांनी कळ दाबली. हजारो मनगटांवरच्या पट्ट्यांत एकदम अक्षरे उजळली: 'परत फीर. घोरपडे यांजकडून खिलारे यास. पोचला.'

"खोटारडा!" स्टेडियम गरजले. बाईंच्या अंगावर सुखाचा काटा आला. मग लोकांनी शेवटचा शब्द पुन्हा वाचला.

"पोचला? मग ह्यानं ऐकलं का नाही?"

"विकला गेलाय खिलारे! धरा त्याला!"

घोरपडे धापा टाकत खोलीत शिरले. "बाई, सांगा त्यांना, पाटी बंद होती म्हणून!"

"अजून खोटंच?"

"तेव्हाही पोचला होता. तेव्हाही चूक त्याचीच होती. पोरगं एकोणीस वर्षांचं. लोकांनी घर पेटवलं असतं त्याचं. तुमची जाणार होती ती नुसती नोकरी. मी तुम्हाला पुढं केलं."

"मला विचारलं होतंत?"

घोरपड्यांनी काचेतून खाली बोट दाखवले. खाली लोक कठडे ओलांडून मॅटवर उतरत होते. खिलारे दोन्ही हातांनी डोके झाकून बसला होता.

बाईंचे बोट सवयीने बंद करायचे बटण शोधू लागले, ते नव्हतेच. मग त्यांनी घाईघाईने लिहिले: 'पाटी बंद होती. दोष माझा. तावरे.' जे वाक्य त्यांनी कधीच मान्य केले नव्हते, ते त्याच क्षणी प्रत्येक मनगटावर उमटले, एकही अक्षर न गळता, आणि त्याखाली वाहिनीने नियमाप्रमाणे जोडले: 'पोचला.'

"बंद होती म्हणे!" कोणीतरी मनगट उंचावून खदखदून हसले.

खिलारेभोवतीचे कडे आवळत गेले. बाईंच्या पडद्यावर, मॅटच्या त्या कोपऱ्यात, रेंजची रेघ कधी नव्हे ती अगदी वरपर्यंत चढली.