तापलेल्या चाकांची आंघोळ

दाराच्या चौकटीवर उंची मोजल्याची, पेन्सिलची एक रेघ.

चहात दूध जास्त पडावं तसं दिसणारं ऑइल, जुन्या बरणीत.

"बेअरिंग पुन्हा गेलं. परवा येतो." महिन्यातला तिसरा निरोप.

एक चकचकीत ट्रक.

या चार गोष्टींची सांगड घालायला मुंगीला सुट्टीचे दहा दिवस लागले. ट्रकचालकाची ही बारा वर्षांची मुलगी एकदा मागे लागली की सोडत नसे, म्हणून मुंगी. सुट्टीभर बाबांजवळ राहायचं एवढाच तिचा बेत. आणि बाबा मात्र कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला चाक उघडून बसलेले. त्यात डेपोच्या फोरमनकाकांनी बजावलं होतं, की दोष चालवणाऱ्याचाच आहे. आणखी एकदा चाक अडकलं, तर लांबच्या फेऱ्यांवर धाडीन, महिना महिना घर दिसणार नाही.

ती आणि तिचा मावसभाऊ चष्मिस रोज डेपोत ठाण मांडत. म्हाताऱ्या मिस्त्रीआजोबांनी बाबांच्या ट्रकमधून काढलेल्या ऑइलची बरणी दाखवून सांगितलं, की ऑइल दुधाळ झालं म्हणजे अ‍ॅक्सलमध्ये, चाकांच्या आसाच्या पोकळ घरात, पाणी शिरलं; त्यानेच बेअरिंगं खराब होतात. पण पाऊस नाही, नदी नाही, मग पाणी येतं कुठून? आजोबांनीही हात टेकले होते.

दहाव्या दिवशी बाबांचा ट्रक फाटकातून आत आला. वाटेतच बेअरिंग नवं बसवलेलं, ऑइलही नवं भरलेलं. चाकांना हात लावता येत नव्हता, इतकी तापलेली. फोरमनकाकांनी लगेच पाण्याचा झोत सोडला. मालकांना ट्रक कायम चकचकीत दिसला पाहिजे, हा त्यांचा खाक्या. चर्रकन वाफ उठली.

मुंगीला बाबांकडे धावायचं होतं. पण त्या वाफेकडे बघत ती जागची हलली नाही.

"आजोबा, अ‍ॅक्सलला हवेसाठी नळी असते ना?"

"असते की. वरच्या अंगाला. तो श्वास घेतो त्यातून."

"मग गार होताना तो श्वास आत ओढत असेल. आणि आत्ता नळीवर पाणी आहे."

चष्मिसने गरम पाण्याने बाटली विसळली, रिकामी केली आणि गार पाण्याच्या बादलीत उलटी धरली. आतली हवा गार होऊन आकसली, तसं पाणी आपोआप बाटलीत चढू लागलं.

"पोरखेळ," फोरमनकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी अ‍ॅक्सलचं खालचं बूच सैल केलं. आधी रात्रभरात तळाशी बसलेलं निव्वळ पाणी आलं, मागून ऑइल. फोरमनकाकांनी ती धार पाहिली. मग त्यांनी बाबांची माफी मागितली, सगळ्यांसमोर.

"इतकी वर्षं हात काळे केले," आजोबा म्हणाले, "पण हे काही सुचलं नव्हतं, पोरांनो."

तेव्हापासून ट्रक गार झाल्याशिवाय धुवायचा नाही, असं ठरलं. आजोबांनी नळीही लांबवून उंचावर नेली. पुढच्या फेरीहून बाबा सांगितल्या दिवशी, उजेडात घरी आले. त्यांनी मुंगीला चौकटीला टेकवून उभं केलं आणि नवी रेघ ओढली, जुनीच्या चार बोटं वर.

जुनी रेघ आईने ओढली होती; तेव्हा बाबा रस्त्यावर होते.