बेकरी आहे तिथून डावीकडे

"रस्ता सांगताना नाव सांगू नकोस, खूण सांग. नावं बदलतात, पोरी."

आईचा आवाज अजून कानात आहे. सरकारं बदलली तशा लिस्बनच्या गल्ल्यांवरच्या पाट्याही बदलल्या. म्हणून आम्ही ग्रासाच्या टेकडीवरची जुनी माणसं खुणांनीच रस्ता सांगतो. त्यातली निम्मी दुकानं केव्हाच गेली. तरी 'बेकरी होती तिथून डावीकडे' म्हटलं की ऐकणारा बरोबर वळतो, कारण त्यानेही तिथला पाव खाल्लेला असतो. पुढे पुढे 'होती' म्हणायचंही राहून जातं.

माझ्याकडे दोन खोल्या भाड्याने असतात. ऑक्टोबरात नदीकाठच्या सभागृहात डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद होती, तेव्हा दूर समुद्रातल्या बेटावरच्या मिंदेलो शहरातून डॉक्टर इव्हानिल्दा आल्या. चाळिशीच्या, सडसडीत, हसऱ्या. तीन दिवसांची परिषद, आणि त्यांचं भाषण शेवटच्या दिवशी, बुधवारी.

सोमवारी सकाळी त्या फोन नाचवत स्वयंपाकघरात आल्या.

"दोना इदालिना, हा नकाशा मला भिंतीतून जायला सांगतोय!"

"त्याला पायऱ्या कळत नाहीत, बाई."

"मग ट्रामने जाऊ?"

"अठ्ठावीस नंबर? ती इथे येईपर्यंत फोटो काढणाऱ्यांनी भरलेली असते. आम्हाला आमच्याच ट्रामचं दर्शन काचेबाहेरून."

त्या खळखळून हसल्या. खरं तर मी त्यांच्यासोबत उतरायला हवं होतं. पण माझी जपमाळेची वेळ झाली होती. एकोणिसाव्या वर्षी घेतलेलं व्रत आहे: रोज आठला बसायचं, आणि पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही. मी एका कागदावर लिहून दिलं. फोन्सेकाची बेकरी आहे तिथून डावीकडे. पायऱ्या उतरून पिंजरेवाला. त्याच्यासमोरून हातमोज्यांचं दुकान. पुढे नदी दिसते.

हातमोज्यांचं दुकान लिहिताना दर वेळी हात थबकतो. माझी धाकटी बहीण कुश्तोदिया तिथे शिवणकाम करायची. एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी तिने खालच्या वाण्याकडे फोन केला होता. वाण्याची बायको धापा टाकत वर आली. "कुश्तोदियाला बरं वाटत नाहीये. न्यायला ये म्हणतेय." मी म्हटलं, "तिला सांगा बसून राहा, येतेच. एवढी जपमाळ संपवते." संपवून गेले, तेव्हा ती दाराजवळच्या खुर्चीत तशीच बसलेली होती. अंग मात्र गार पडलं होतं.

तेव्हापासून संत आंतोनींकडे मेणबत्ती लावून मी एकच विचारते. ती माझ्यावर रागावून गेली का? हरवलेलं सगळं शोधून देणारे संत ते. एवढंच काही देत नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर परतल्या त्या खुशीत.

"बारा मिनिटांत पोहोचले! आणि तुमचा तो पिंजरेवाला, काय वात्रट म्हातारा आहे हो. मला म्हणतो, डॉक्टर, माझ्या कॅनरीला चष्मा लागलाय, बघता का?"

मी कॉफी ओतत होते. ती बशीत सांडली.

पिंजरेवाल्या झेफेरिनोची ही थट्टा मला माहीत होती. पाद्री असो की शिपाई, त्याच्या कॅनरीला काहीतरी झालेलंच असायचं. त्याला पुरलं तेव्हा मी तिथे होते. त्या जागी आता हॉटेल आहे.

 दुसऱ्या दिवशी मंगळवार, माझा दुपारपर्यंतचा उपवास. जपमाळ झाल्यावर तशीच खाली उतरले. बेकरीच्या जागी सार्डिन मासळीचे रंगीत डबे विकणारं दुकान, नेहमीचंच. पायऱ्यांखाली हॉटेलचं काचेचं दार. हातमोज्यांच्या दुकानाचं शटर खाली, त्यावर निळ्या रंगात कुणीतरी काहीबाही रंगवलेलं. मी शटरला कान लावला. ट्रामची घंटा ऐकू आली, ती माझ्या मागच्या रस्त्यावरची.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी टेबलावर पुडी ठेवली. आत पाव होता. वरच्या चिरेत पीठ भरलेलं, बुडाशी खरपूस, फोन्सेकाचा.

"सकाळीच घेतला होता," त्या म्हणाल्या. "अजून गरम आहे, बघा ना."

गरम होता. मी तो दोन्ही हातांत धरून बसले.

"आणि हातमोज्यांच्या दुकानात?" शेवटी मी विचारलं. "कुणी होतं?"

"दाराशी एक बाई बसल्या होत्या, खुर्चीत. कोट घालून, मांडीवर पिशवी. कालही होत्या. आज मी विचारलं, कुणाची वाट बघताय का? म्हणाल्या, बहीण येतेय न्यायला."

मी पाव खाली ठेवला.

"रागावली होती?"

"छे! हसत होत्या. म्हणाल्या, येईल, पण आमच्या इदाची जपमाळ म्हणजे मालगाडी, डबे संपतच नाहीत."

असं फक्त कुश्तोदियाच म्हणायची. आईसमोर म्हणायची आणि मार खायची. मी भांडी पुसायचा रुमाल तोंडाशी धरला आणि रडले. डॉक्टर उठून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.  डोळ्यांच्या डॉक्टरांना रडण्याची सवय असावी.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "त्यांना उठता येत नाहीये, दोना इदालिना. कुणी हात दिल्याशिवाय जमत नाही म्हणाल्या. मी दिला होता."

"मग?"

"हातात मोजा होता. मऊ." त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "फारच मऊ. मी धरला तसा तो मिटत गेला. त्या म्हणाल्या, तुमचा नको, तुम्हाला सभेला उशीर होईल. तिचाच लागेल."

आम्ही दोघींनी तो पाव खाल्ला. एक चतकोरही मागे ठेवला नाही.

बुधवारी सकाळी मी डॉक्टरांसाठी टॅक्सी बोलावली.

"आज तुमचं भाषण. मोठ्या रस्त्याने जा, गाडीने."

"तो रस्ता चांगला होता हो."

"चांगलाच होता. तो कागद मात्र मला द्या."

त्यांनी पिशवीतून काढून दिला. मग दारात अडखळल्या. "यावर जायचंच लिहिलंय. परत यायचं नाही. मी तर दोन्ही दिवस मेट्रोने आले."

"परतताना तिकडून यायला बघितलंत का?"

"काल बघितलं." एवढंच म्हणाल्या. मग माझ्या दोन्ही गालांचा मुका घेतला, जरा जास्तच घट्ट, आणि गेल्या.

आठला मी जपमाळेला बसले. बोटं चालत होती, ओठ चालत होते. खिडकीत ऊन आलं. निम्मी माळ झाली होती.

मी थांबले.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा माळ तशीच टेबलावर ठेवली. तिच्या बाजूला डॉक्टरांसाठी किल्ली, आणि झाकून ठेवलेलं सूप. आकाश कोसळलं नाही. उलट छातीतलं काहीतरी सैल झालं, जसा घट्ट बूट निघावा.

कोट घातला. कागद घेतला. मला तो रस्ता झोपेतही येतो, पण या वेळी मी परक्या माणसासारखी वाचत जाणार होते. लिहिलंय तेवढंच, लिहिलंय तसंच.

जिन्यावर शेजारीण लुर्दीश नुकत्याच पायऱ्या पुसून उभी होती. ओल्यावर कुणी पाय ठेवला की ही बाई अख्खी इमारत डोक्यावर घेते.

"माफ कर हं, लुर्दीश," मी म्हटलं. "घाई आहे. कुश्तोदियाला आणायचंय."

तिने मान वर केली नाही. फडकं पिळत राहिली.

मी कठड्याला धरून, बेताबेताने चार पायऱ्या उतरले. आपण किती घाण केली ते बघावं म्हणून मागे वळले.

ओल्या दगडावर एकही पाऊल उमटलं नव्हतं.

मी कागद उलगडला, पहिली ओळ वाचली, आणि खाली उतरू लागले.